जमावाचा विरोध आणि नागरिकाचा हक्क

लोकशाहीत सरकार बहुमताने निवडले जाते. मात्र एखाद्या नागरिकाने कोणती उपासना करावी, काय लिहावे, कोणाशी विवाह करावा किंवा कोणत्या पाणवठ्यावर पाणी प्यावे, हे बहुमताने ठरवता येत नाही. भारतीय राज्यघटनेने हे विषय मूलभूत हक्कांच्या कक्षेत आणून मतसंख्येच्या पलीकडे ठेवले आहेत. या हक्कांवर गदा केवळ शासनाकडून येते असे नाही. अनेकदा ती शेजारी, जात, गाव किंवा रस्त्यावर उतरलेला जमाव यांच्याकडून येते. अशा प्रसंगी प्रशासनाने कोणाला आवरायचे, हक्क बजावणाऱ्याला की त्याला धमकावणाऱ्याला, हा नागरी हक्कांच्या संरक्षणातील मध्यवर्ती प्रश्न आहे. गेल्या काही दशकांत देशातील न्यायालयांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा आणि त्याच्या आधारे नागरिकाला उपलब्ध असलेल्या मार्गांचा हा आढावा.

महाडचा धडा

हक्क कागदावर असणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे यांत किती अंतर असू शकते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले करावेत, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या हद्दीतील चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले. तरीही पुढील तीन वर्षे त्या तळ्यावर जाण्याचे धाडस दलित समाजातील कोणालाही करता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार असल्याची अफवा गावात पसरवण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. पुढे नगरपालिकेने आपला मूळ ठराव मागे घेतला. तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा काही रहिवाशांनी न्यायालयात केला आणि डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेपूर्वी मनाई हुकूम मिळवला. न्यायालयाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी त्या वेळी तळ्यावर जाण्याचा बेत स्थगित केला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने निर्णय दिला. घोटभर पाण्याच्या हक्काला न्यायालयीन मान्यता मिळण्यास दहा वर्षे लागली.

या घटनाक्रमात पुढील काळातील बहुतेक वादांची बीजे दिसतात. हक्क मान्य झालेला असतो, अफवेने जमाव जमतो, हिंसा होते आणि नंतर संस्था हिंसा करणाऱ्यांना वेसण घालण्याऐवजी हक्कच मागे घेते.

राज्यघटनेतील तरतुदी

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेने या अनुभवाची दखल घेतली. अनुच्छेद १४ नुसार कायद्यापुढे सर्व समान आहेत. अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्टपणे नमूद आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले. अनुच्छेद १९ मध्ये भाषण व अभिव्यक्ती, शांततेने एकत्र जमणे, संघटना स्थापन करणे आदी स्वातंत्र्ये आहेत. अनुच्छेद २१ जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करतो, तर अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो.

यांपैकी अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आणि अनुच्छेद १७ यांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ शासनाला नव्हे, तर खाजगी व्यक्तींनाही बांधतात. म्हणजे भेदभाव करणारा शेजारी किंवा दुकानदारसुद्धा राज्यघटनेच्या कक्षेबाहेर राहत नाही. अनुच्छेद १७ च्या अंमलबजावणीसाठी १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम करण्यात आला. १९७६ मध्ये त्याच्या तरतुदी कडक करून त्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ असे नाव देण्यात आले. पुढे १९८९ मध्ये अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम आला. त्यात २०१५ व २०१८ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

हक्कांचा भंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा अनुच्छेद ३२ देतो. संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी तिला राज्यघटनेचा आत्मा म्हटले होते. उच्च न्यायालयांना असाच, किंबहुना अधिक व्यापक अधिकार अनुच्छेद २२६ नुसार आहे.

अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही. अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडानुसार देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी या कारणांसाठी कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. यांतील ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले. जमावाच्या विरोधाचे बहुतेक वाद याच शब्दांभोवती फिरतात. १९६५ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी हा भेद एकात एक असलेल्या तीन वर्तुळांच्या उपमेने समजावून सांगितला. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. कायद्याचा प्रत्येक भंग हा सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग ठरत नाही.

राष्ट्रगीताच्या वेळी मौन

सहिष्णुतेच्या संदर्भात वारंवार उल्लेखला जाणारा एक निर्णय केरळमधील तीन शाळकरी भावंडांशी संबंधित आहे. ही मुले ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथातील होती. शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत. मात्र आपल्या श्रद्धेनुसार ईश्वराखेरीज अन्य कोणाचे स्तुतिगान करता येत नाही, अशी त्यांची धारणा असल्याने ती स्वतः गात नसत. अनेक वर्षे यावर कोणाचाही आक्षेप नव्हता. १९८५ मध्ये हा विषय विधानसभेत उपस्थित झाला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने मुले कायद्याचे पालन करणारी असून त्यांच्याकडून राष्ट्रगीताचा अनादर झाला नसल्याचा अहवाल दिला. तरीही शिक्षण विभागाच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. केरळ उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी हा निर्णय फिरवला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने हा खटला ओळखला जातो. राष्ट्रगीत गायलाच हवे असे बंधन घालणारा कोणताही कायदा नाही, १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम राष्ट्रगीतात हेतुपुरस्सर अडथळा आणणे हा गुन्हा मानतो आणि शांतपणे उभे राहण्यात अनादर नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विभागीय परिपत्रके म्हणजे कायदा नव्हे. त्यांच्या आधारे मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. मुलांना पुन्हा शाळेत दाखल करून घेण्याचे आदेश देण्यात आले.

या निकालाचे महत्त्व त्यातील तर्कात आहे. मुलांची श्रद्धा इतरांना पटते की नाही, हे पाहणे न्यायालयाने आपले काम मानले नाही. ती श्रद्धा प्रामाणिक आहे आणि तिच्यामुळे कोणाच्या हक्काला बाधा येत नाही, एवढे त्यास पुरेसे वाटले. अगदी नगण्य संख्येतील अल्पसंख्याकालाही राज्यघटनेत आपले स्थान सापडते की नाही, हीच खऱ्या लोकशाहीची कसोटी होय, असे न्यायालयाने नमूद केले. निकालाच्या अखेरीस, देशाची परंपरा, तत्त्वज्ञान आणि राज्यघटना या तिन्हींना सहिष्णुता अभिप्रेत असून ती पातळ होऊ देऊ नये, असे आवाहन करण्यात आले.

‘तमस’ आणि नागपूरचा निकष

दीड वर्षांनी हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला. भीष्म साहनी यांच्या फाळणीविषयक हिंदी कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर दाखवण्यात येत होती. मालिकेतील जातीय दंगलींच्या चित्रणामुळे तेढ वाढेल, असा आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि प्रसारणाला स्थगिती मिळाली. न्यायमूर्ती बी. लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि ही स्थगिती उठवली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती एस. रंगनाथन यांच्या खंडपीठानेही मालिकेच्या बाजूने कौल दिला. दंगलींमागचे सूत्रधार ओळखण्याची दृष्टी ही मालिका प्रेक्षकाला देते, असे न्यायालयाचे मत झाले.

हा निर्णय देताना न्यायालयाने आधार घेतला तो स्वातंत्र्यपूर्व काळातील नागपूर उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असा निकष घालून दिला होता की, एखाद्या शब्दाचा वा चित्रणाचा परिणाम विचारी, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या दृष्टीने मोजावा. दुबळ्या मनाच्या, डळमळीत किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो मोजू नये. नागपुरात तयार झालेली ही मोजपट्टी आजही वापरात आहे. गुजरातमध्ये समाजमाध्यमावरील एका कवितेवरून संसद सदस्य इम्रान प्रतापगढी यांच्यावर दाखल झालेला गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने याच निकषाचा पुनरुच्चार केला.

धमकी हे बंदीचे कारण नव्हे

मालिका किंवा चित्रपट स्वतः प्रक्षोभक नाही, परंतु त्याला विरोध करणारे हिंसा करतील, असा युक्तिवाद झाल्यास काय? या प्रश्नाचे उत्तर ३० मार्च १९८९ रोजी ‘एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम’ या खटल्यात मिळाले. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटात जातीवर आधारित आरक्षणाच्या धोरणावर टीका होती. सर्वांसाठी प्रदर्शनास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मिळूनही मद्रास उच्च न्यायालयाने ते रद्द केले. चित्रपट दाखवल्यास राज्यात सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल, अशी भूमिका तमिळनाडू सरकारने घेतली होती.

न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी, न्यायमूर्ती ए. एम. अहमदी आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने ही भूमिका अमान्य केली. निदर्शने, मोर्चे किंवा हिंसाचाराच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याच्या राज्यानेच शरणागती पत्करणे होय. विरोधी प्रेक्षकांना हाताळता येत नाही, ही सबब राज्याला सांगता येणार नाही. स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. निर्बंध घालायचाच असेल, तर धोका दूरचा किंवा तर्काने काढलेला असून चालणार नाही. दारूच्या कोठारात पडणाऱ्या ठिणगीइतका त्याचा संबंध थेट आणि निकटचा असला पाहिजे.

या चित्रपटातील मत योग्य होते की अयोग्य, यावर समाजात तेव्हाही तीव्र मतभेद होते आणि आजही आहेत. न्यायालयाने त्या मताचा पुरस्कार केला नाही. ते मांडण्याचा हक्क तेवढा मान्य केला. पुढे ‘आरक्षण’ या हिंदी चित्रपटावर उत्तर प्रदेशात घातलेली बंदी २०११ मध्ये आणि ‘पद्मावत’ चित्रपटावर काही राज्यांनी घातलेली बंदी जानेवारी २०१८ मध्ये रोखताना सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाचा आधार घेतला.

शांतता बैठकीची किंमत

तत्त्व स्पष्ट असले, तरी गाव आणि तालुका पातळीवर त्याचा विसर पडतो, हे तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांच्या प्रकरणातून दिसून आले. २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘मादोरुबागन’ या कादंबरीतील एका प्रथेच्या चित्रणावरून तिरुचेंगोडे परिसरात आंदोलन उभे राहिले. बंद पाळण्यात आला. जानेवारी २०१५ मध्ये नामक्कल जिल्हा प्रशासनाने दोन्ही बाजूंची शांतता बैठक घेतली. त्या बैठकीत लेखकाला बिनशर्त माफी आणि आक्षेपार्ह भाग काढून टाकण्याची हमी लिहून द्यावी लागली. त्यानंतर मुरुगन यांनी आपल्यातील लेखक मरण पावल्याचे जाहीर करून लेखन थांबवले.

शांतता प्रस्थापित झाली होती, पण तिची संपूर्ण किंमत एकाच बाजूने मोजली होती. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या खंडपीठाने कादंबरीवरील बंदीची मागणी फेटाळली आणि शांतता बैठकीतील तडजोड लेखकावर बंधनकारक नसल्याचा निर्वाळा दिला. ज्याला पुस्तक आवडत नाही, त्याने ते बाजूला ठेवावे, लेखकाने मात्र पुन्हा लिहिते व्हावे, असा या निकालाचा आशय होता. मुरुगन यांनी पुढे लेखन पुन्हा सुरू केले.

असा समझोता करणारा अधिकारी बहुधा वाईट हेतूने वागत नसतो. हाताशी असलेले अपुरे पोलीस बळ, समोर असलेला मोठा जमाव आणि एकटा लेखक या परिस्थितीत एकट्याला समजावणे त्याला सोपे वाटते. मात्र त्यातून जमावाला मिळणारा संदेश घातक असतो. पुरेसा मोठा आवाज केला की हक्क मागे घेतला जातो, हे एकदा सिद्ध झाले, की पुढचा जमाव अधिक लवकर जमतो.

मतभेद आणि चिथावणी यांतील सीमारेषा

सहिष्णुतेचा अर्थ सर्व काही सहन करणे असा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका राजकीय नेत्याच्या निधनानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदबाबत फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांतील एकीने केवळ त्या मजकुराला पसंती दर्शवली होती. या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या. चर्चा आणि पुरस्कार कितीही अप्रिय असले, तरी ते संरक्षित आहेत. कायद्याचा हस्तक्षेप चिथावणीच्या पायरीवर सुरू होतो.

चिथावणीच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या कलम १९६ नुसार धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात इत्यादी कारणांवरून समूहांमध्ये वैरभाव वाढवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंडच्या पोलिसांना दिले आणि २८ एप्रिल २०२३ रोजी ते सर्व राज्यांना लागू केले. वक्त्याचा धर्म कोणता, हे पाहू नये, असेही न्यायालयाने बजावले आहे.

एखादे मत ऐकून समूहाच्या भावना दुखावणे आणि त्या मतामुळे समूहातील माणसांच्या जीवितास धोका निर्माण होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उत्तर प्रतिवादाने द्यायचे असते, दुसरीला कायद्याने. हा भेद पुसला गेला की, टीका करणारा तुरुंगात आणि चिथावणी देणारा व्यासपीठावर, अशी उलटी स्थिती निर्माण होते.

घर, जात आणि बहिष्कार

असहिष्णुता नेहमी घोषणा देत येत नाही. वाळीत टाकणे हे तिचे शांत पण अतिशय परिणामकारक रूप आहे. दुकानातून माल न देणे, लग्नकार्याला न बोलावणे, अंत्यविधीला कोणी न येणे, यांत एकही दगड फेकला जात नाही, तरीही कुटुंबाचे जगणे अशक्य होते. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो धार्मिक संप्रदायाच्या हक्कांच्या आधारे चार विरुद्ध एक मतांनी रद्द ठरवला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी त्या वेळी भिन्न मत नोंदवले होते. या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

दरम्यान, जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर राज्य विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून अंमलात आला. त्यानुसार बहिष्कार टाकणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र गुन्हा आहे. या चळवळीशी निगडित असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली होती. १० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली, तर तिघांची निर्दोष मुक्तता केली.

विवाहाच्या बाबतीतही कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. २००६ मध्ये लता सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय विवाह केलेल्या सज्ञान जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश देशभरातील पोलिसांना दिले. २७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंब, जात किंवा पंचायतीच्या संमतीची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारागृहे आणि जिल्हा पातळीवर विशेष कक्ष स्थापन करण्याचे निर्देशही राज्यांना देण्यात आले.

जमावाची हिंसा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. अफवेवर चालणारा जमाव समोरच्याची ओळख विचारत नाही. परका दिसणारा कोणीही त्याचे लक्ष्य होऊ शकतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर दोन आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमावा, अफवा व चिथावणी यांवर लक्ष ठेवावे, खटले जलदगतीने चालवावेत, पीडितांच्या भरपाईची योजना आखावी आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असे त्यांचे स्वरूप आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मधील दुसऱ्या उपकलमानुसार, पाच किंवा अधिक व्यक्तींनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून एकत्रितपणे केलेल्या हत्येसाठी प्रत्येक सहभागीला मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे.

नागरिकाला उपलब्ध मार्ग

धमकी, बहिष्कार किंवा हल्ल्याचा सामना करावा लागल्यास नागरिकाला पुढील मार्ग खुले आहेत.

तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसून येत असल्यास प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजेच एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘ललिता कुमारी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाल्यास तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतरही कार्यवाही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

जीवितास धोका असल्यास पोलीस संरक्षणासाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ नुसार याचिका करता येते. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आणि अन्य पात्र घटकांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

लोकसेवकाकडून हक्कभंग किंवा हक्कभंग रोखण्यात हयगय झाली असल्यास राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय आयोग १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमानुसार स्थापन झाला. आयोग स्वतः शिक्षा देऊ शकत नाही, मात्र चौकशी करून भरपाईची व कारवाईची शिफारस करू शकतो.

निकाल आणि पोलीस ठाणे यांतील अंतर

वरील सर्व निर्णय पाहता, नागरी हक्कांच्या संरक्षणासाठी देशात कायद्याची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. धमकी देणाऱ्याला आवरावे, हक्क बजावणाऱ्याला नव्हे, हे उत्तर न्यायालयांनी वारंवार दिले आहे. उणीव आहे ती वेळेची. केरळमधील मुलांची शाळा वर्षभर बुडाली. पेरुमल मुरुगन यांची लेखणी दीड वर्ष थांबली. ज्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचणे शक्य नसते, अशा असंख्य नागरिकांचा हक्क पोलीस ठाण्यातील किंवा तहसील कार्यालयातील पहिल्या तासाभराच्या निर्णयावरच तरतो किंवा बुडतो.

म्हणूनच या निकालांचे खरे वाचक न्यायालयाबाहेर आहेत. सभेला परवानगी देणारा अधिकारी, ग्रंथालयातील पुस्तकाविषयीची तक्रार हाताळणारी समिती, शाळेचे मुख्याध्यापक आणि गावातील सरपंच यांनी हे तत्त्व आधीच आत्मसात केले, तर बहुतेक वाद न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत. सर्वसामान्य नागरिकाचा वाटाही यात लहान नाही. न पटणारे मत ऐकून घेणे, अफवा पुढे न पाठवणे आणि वाळीत टाकलेल्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन विचारपूस करणे, यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नसते. महाडच्या ठरावाला १९२४ मध्ये ज्याची उणीव भासली, ती कागदाची नव्हती. तळ्यापर्यंत जाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांची होती.